टोमॅटोचा ‘तिरंगा’: काय खरं, काय खोटं

ओझर-पिंपळगावकडच्या टोमॅटो उत्पादकांना २०२० चा मे महिना आठवत असेल. नगर आणि पुणे जिल्ह्यांत फळं एकसारखी पिकेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट डाग, कापलं तर आत काळपट. ‘तिरंगा’ हे नाव पडलं आणि लॉकडाउनच्या त्या दिवसांत ‘टोमॅटोलाही करोना झाला’ अशी आवई उठली. बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा मुख्यतः काकडीचा मोझेक विषाणू सापडला. हजाराहून जास्त वनस्पतींना लागणारा हा विषाणू माणसाला लागत नाही. करोनाशी त्याचं काही नातं नाही. अफवेचा भुर्दंड मात्र शेतकऱ्याला बसला.

‘झाडाला कसली आली प्रतिकारशक्ती?’ असंही म्हणतात. असते, आणि चांगली धारदार असते. विषाणूचा आरएनए पेशीत वाढू लागला की डायसर नावाचं विकर त्याचे बारीक तुकडे पाडतं. हे तुकडे म्हणजे पकड वॉरंटच. आर्गोनॉट हे प्रथिन ते घेऊन जुळणारा आरएनए हुडकतं आणि कापून टाकतं.

विषाणूकडे यावर तोड आहे: २बी, जेमतेम ११० अमिनो आम्लांचं साहाय्यक प्रथिन. ते तुकडे स्वतःच दाबून ठेवतं, वर आर्गोनॉटलाही अडवतं. विषाणू झाडाचा रस खातो म्हणून पानं आकसतात, हा समज इथेच गळून पडतो. झाडाची वाढही आर्गोनॉटच सांभाळतं. त्याच्या कामात २बीने खोडा घातला की पान वेडंवाकडं होतं. प्रयोगशाळेत २बी काढलेला विषाणू दिला, तर लक्षणं नावापुरती. पण झाडाचे डायसर निकामी केले, तर तोच लंगडा विषाणू पुन्हा शिरजोर! एचआयव्हीचं व्हिफ प्रथिनही याच जातीचं: पेशीतलं एपोबेक हे रक्षक प्रथिन ते पेशीकडूनच नष्ट करवून घेतं.

राहिला ‘व्हायरसच्या औषधा’चा प्रश्न. लागण झालेल्या झाडातून हा विषाणू काढणारी फवारणी नाही. बुरशीनाशक तर इथे निव्वळ पैशाचा चुराडा. कीटकनाशकाचाही भरवसा मर्यादित, कारण त्याचा वाहक असलेला मावा सोंड खुपसल्यावर काही सेकंदांतच विषाणू देऊन मोकळा होतो, मरतो नंतर. तेव्हा रोपं कीडरोधक जाळीतलीच घ्या, प्लॉटभोवती मका लावा, आणि सुरुवातीला एखादं झाड आकसलेलं दिसलं तर पुढच्या फुटव्याची वाट न पाहता उपटून टाका.