कौलाच्या प्रतीक्षेत : शरणागत बंडवाल्याच्या कथेचे आकर्षण

रमेश सिप्पी यांच्या ‘शोले’ (१९७५) या चित्रपटातील आगगाडीवरील हल्ल्याचा प्रसंग पनवेलनजीकच्या लोहमार्गावर चित्रित झाला, ही गोष्ट या परिसरात अनेकांस ठाऊक आहे. त्या प्रसंगाचा शेवट मात्र अभ्यासकांनी जितका लक्षात घ्यावयास हवा होता तितका घेतलेला दिसत नाही. एक पोलीस अधिकारी दोघा चोरांना बेड्या घालून नेत आहे. वाटेत दरोडेखोरांची टोळी गाडीवर चाल करून येते. अधिकारी दोघांच्या बेड्या तोडतो, दोघेही त्याच्या बाजूने लढतात, आणि टोळी परतवून लावेपर्यंत अधिकारी स्वतः घायाळ होऊन पडतो. आता त्या दोघांना अडविणारे कोणी उरलेले नाही. पळावे की या माणसास वाचवावे, याचा निर्णय ते नाणे उडवून करतात. नाणे वाचविण्याचा निकाल देते. चित्रपटाच्या अखेरीस असे उघड होते की त्या नाण्याच्या दोन्ही बाजूंस एकच छाप होता. निर्णय आधीच झालेला होता; केवळ तो आपण केला असे म्हणवून घेण्याचे धैर्य त्या चोरापाशी नव्हते.

कोकणातील वाचकास या ठिकाणी देवाला कौल लावण्याच्या प्रथेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मूर्तीस कळ्या किंवा तांदूळ चिकटवावयाचे आणि उजवी बाजू आधी पडते की डावी, यावरून देवाची इच्छा जाणावयाची, ही ती प्रथा. परंतु ‘कौल’ या शब्दाचा दुसरा एक अर्थ आपल्या जुन्या दप्तरांत सर्वत्र आढळतो. ओसाड गाव पुन्हा वसवू इच्छिणाऱ्या रयतेला, अथवा बंड टाकून शरण येऊ इच्छिणाऱ्या माणसाला सरकार जे अभयवचन देई त्यासही कौलच म्हणत. एका अर्थी कौल मागावयाचा असतो, दुसऱ्या अर्थी तो मिळावयाचा असतो. सुधारलेल्या दरोडेखोराची कथा देशोदेशी इतकी लोकप्रिय का, या प्रश्नाचे उत्तर मला या दोन अर्थांमधील अंतरात सापडेलसे वाटते. त्या माणसाचे परिवर्तन हा या कथेचा वरवरचा विषय होय. श्रोत्यास खिळवून ठेवते ती परिवर्तनानंतरची आणि माफीपूर्वीची अवधी, ज्या अवधीत माणूस नीट वागत असतो आणि तसे मानावयास कोणी तयार नसतो.

या अवधीवर एक संपूर्ण कलाकृती उभारण्याचा सर्वांत सरळ प्रयत्न अमेरिकेतील दूरचित्रवाणीने केला. ‘एलियस स्मिथ अँड जोन्स’ ही मालिका जानेवारी १९७१ मध्ये सुरू झाली आणि १९७३ च्या आरंभी बंद पडली. तिचे एकंदर ५० भाग झाले. तिची योजना अशी : आगगाड्या आणि पेढ्या लुटणारे दोघे मित्र गुन्हेगारीस कंटाळून माफी मागतात. राज्यपाल माफी नाकारीत नाही, पण देतही नाही. काही काळ नीट वागून दाखवा, मग पाहू, असे तो सांगतो. आणि हा करार गुप्त ठेवावा अशी अट घालतो. परिणामी कायद्याच्या दृष्टीने ते दोघे पूर्वीइतकेच फरारी राहतात. त्यांच्या शिरावरील बक्षिसे कायम, आणि आपण सुधारलो आहोत असे कोणास सांगण्याची सोय नाही. प्रत्येक भागात त्यांच्यापुढे सहज मिळणारा पैसा येतो, किंवा खोटे बोलून सुटण्याची संधी येते, आणि प्रत्येक वेळी त्यांना साक्षीदारावाचून प्रामाणिक राहावे लागते. मालिका संपली तेव्हाही माफी मिळालेली नव्हती. दूरचित्रवाणीच्या व्यवसायाला ही रचना फारच मानवणारी होती, हे खरे. प्रतीक्षा जितकी लांबेल तितके भाग निघतात. परंतु केवळ सोयीची म्हणून एखादी रचना प्रेक्षकांच्या मनात अर्धशतक टिकत नाही.

या मालिकेतील दोघा नायकांनी कधीही कोणाचा जीव घेतलेला नाही, हे आरंभीच बजावून सांगितलेले असते. यामागची भीती उघड आहे. प्रेक्षकाने त्यांना क्षमा करावी यासाठी त्यांचे पाप आधीच हलके करून ठेवले आहे. आपली परंपरा या बाबतीत अधिक निर्भय म्हटली पाहिजे. मराठी लोककथेतील वाल्या कोळी प्रत्येक हत्येमागे एक खडा रांजणात टाकतो, आणि असे सात रांजण भरलेले आहेत. त्याला नारद भेटतो तो न्यायाधीश म्हणून भेटत नाही. तुझ्या पापात तुझी बायकामुले वाटेकरी होतील काय, एवढेच तो विचारतो. उत्तर नकारार्थी येते आणि वाल्या नामस्मरणास बसतो. येथपर्यंतचा भाग सर्वांस पाठ असतो. पण या कथेचा खरा गाभा मला वारुळात वाटतो. अंगावर वारूळ चढेपर्यंत तो माणूस बसून आहे, आणि त्या काळात तो कोण आहे? वाल्या उरलेला नाही, वाल्मीकी झालेला नाही. रांजण तसेच भरलेले आहेत. कथाकारांनी या अवस्थेस नाव दिले नाही, पण तिला आकार दिला, आणि तो इतका नेमका दिला की त्या ऋषीचे नावच वारुळावरून पडले.

पुरंदर तालुक्यातील वाल्हे हे गाव लोकपरंपरा वाल्मीकीशी जोडते. त्याच तालुक्यातील भिवडी हे उमाजी नाइकांचे गाव, आणि तेथून आपण कथेकडून इतिहासाकडे येतो. कंपनी सरकारच्या दप्तरात उमाजी हे दरोडेखोर आहेत. लोकांनी त्यांना राजे म्हटले. त्यांचा बंदोबस्त होत नाही असे पाहून सरकारने अखेर समेट केला, मागील अपराध माफ केले, आणि रामोशांना पहाडी मुलखाच्या पहाऱ्याच्या चाकरीत घेतले. चोरावर पहारा ठेवण्याऐवजी चोरालाच पहारेकरी करावे, ही युक्ती नवी नव्हती; मराठी अमलातही गावोगावची रखवाली रामोशांकडे असे. पण हा कौल कोणाच्याही मनापासूनचा नव्हता. सरकारला उसंत हवी होती, उमाजींना हक्क हवे होते, आणि दोघेही एकमेकांकडे संशयाने पाहत होते. समेट टिकला नाही. १८३१ च्या अखेरीस उमाजी पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. त्यांचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिन्टॉश यानेच पुढील वर्षी रामोशांवर आणि त्यांच्या या नायकावर पुस्तक प्रसिद्ध केले. ते शत्रूचे लेखन असूनही त्यात उमाजींविषयीचा आदर लपत नाही. शरणागत बंडवाल्याची कथा सांगण्यास त्याच्या शत्रूइतका उत्सुक कोणी नसतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पनवेल परिसरापुरते बोलावयाचे तर १८७९ हे वर्ष महत्त्वाचे. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके हे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. त्यांनी रामोशांना हाताशी धरून इंग्रजांविरुद्ध बंड उभारले. मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी घाट उतरून पळस्पे व चिखली या गावांवर छापे घातले आणि सुमारे दीड लाखाची लूट नेली. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियल याच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. जुलैमध्ये फडके पकडले गेले. १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. फडके या लेखाच्या विषयात बसत नाहीत, आणि ते का बसत नाहीत हे पाहणे उद्बोधक आहे. त्यांनी कौल मागितला नाही. उलट गव्हर्नरचे शिर आणणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. येथे दरोडेखोर सुधारला असे कोणी म्हणणार नाही. निकाल देणारे बदलले आणि त्याबरोबर निकाल बदलला.

त्याच १८७९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात गव्हर्नर ल्यू वॉलेस एका तरुण फराऱ्यास रात्री गुप्तपणे भेटला. हा तरुण पुढे ‘बिली द किड’ या नावाने प्रसिद्धीस आला. एका खून खटल्यात साक्ष दे, तुला माफी मिळेल, असे वॉलेसने त्यास सांगितले. बिलीने साक्ष दिली. माफी आली नाही. १४ जुलै १८८१ रोजी तो गोळीस बळी पडला, आणि वॉलेस त्या काळात लिहीत असलेली ‘बेन हर’ ही कादंबरी जगप्रसिद्ध झाली. ही गोष्ट तेथेही संपत नाही. ३१ डिसेंबर २०१० रोजी, आपल्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, न्यू मेक्सिकोच्या तत्कालीन राज्यपालाने मरणोत्तर माफीचा अर्ज विचारात घेऊन नामंजूर केला. मेलेल्या माणसाचा कौल १३१ वर्षांनंतरही लोकांना अस्वस्थ करतो. याउलट, फ्रँक जेम्स या दरोडेखोराची हकिकत पाहावी. तो १८८२ साली मिसूरीच्या राज्यपालास शरण गेला, ज्यूरीने त्यास निर्दोष सोडले, आणि पुढील आयुष्य त्याने पादत्राणांच्या दुकानात व नाट्यगृहाच्या दारावर चाकरी करीत शांतपणे काढले. त्याच्या या उत्तरायुष्यावर कोणी मालिका काढल्याचे ऐकिवात नाही. कौल मिळाला की कथा संपते.

मराठी माणसाने या कथेस दिलेले सर्वांत मोलाचे रूप म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). कथा ग. दि. माडगूळकरांची. चित्रपट हिंदी असला तरी त्याची माती माणदेशची आहे. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसविली गेली. तेथे भिंती नव्हत्या. खुनाच्या शिक्षेचे कैदी कुटुंबासह राहत आणि शेती करीत. शांतारामांनी त्यातून सहा कैदी आणि एक जेलर घेतला. चित्रपटातील कैदी पळून जातात आणि जेलरचे डोळे आठवून परत येतात. समीक्षकांनी या डोळ्यांस भाबडेपणा म्हटले तर ते समजण्यासारखे आहे. परंतु वेस्टर्न मालिकेशी तुलना केली म्हणजे शांतारामांच्या रचनेची ताकद ध्यानात येते. तेथे नायकांस साक्षीदार नाही, हे त्यांचे दुःख. येथे साक्षीदार सतत आहे, आणि तो शिपायासारखा पाहत नाही, हे या कैद्यांचे दुःख. पहारेकऱ्याला चुकविता येते. विश्वासाने पाहणाऱ्याला चुकवावयाचे म्हणजे स्वतःच्याच नजरेतून उतरावयाचे. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली या चित्रपटाचा गौरव झाला, तो केवळ छायाचित्रणाचा नसावा.

चित्रपटानंतर तीन वर्षांनी जे घडले ते कोणत्याही पटकथाकाराने लिहिले असते तर अतिरंजित वाटले असते. विनोबा भावे हे पनवेलच्या दक्षिणेस लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोद्याचे. मे १९६० मध्ये त्यांची पदयात्रा चंबळच्या खोऱ्यातून गेली आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. आरंभ झाला होता तो फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंगाने तुरुंगातून विनोबांना लिहिलेल्या पत्राने. या प्रसंगी माफीचे कोणतेही आश्वासन नव्हते. खटले चालावयाचे होते आणि चालले. अनेक पोलीस अधिकाऱ्यांस ही घटना रुचली नाही, आणि त्यांची बाजूही निराधार नव्हती. ज्यांची माणसे मारली गेली होती त्यांच्या वतीने विनोबांनी कोणता अधिकार वापरला, हा प्रश्न आजही शिल्लक आहे. बारा वर्षांनी, एप्रिल १९७२ मध्ये, जयप्रकाश नारायणांपुढे जौरा येथे फार मोठ्या संख्येने डाकू शरण आले तेव्हा फाशी होणार नाही अशी बोलणी आधी झालेली होती. व्यवहार म्हणून दुसरी घटना अधिक यशस्वी होय. लोकांच्या स्मरणात मात्र पहिलीचे स्थान वेगळे राहिले, कारण तेथे बंदूक खाली ठेवताना त्या माणसांच्या हाती कौलाचा कागद नव्हता.

स्वतंत्रपूरच्या बाबतीत एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. चित्रपटाने सारा भार जेलरच्या दोन डोळ्यांवर टाकला आहे. वसाहतीची मूळ कल्पना अशी नव्हती. तेथे कैद्यास बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे घर : बायको, मुले, पेरलेले शेत, पावसाची वाट. ज्या प्रश्नावर वाल्याचे घर फुटले, त्या प्रश्नास तेथील बायकामुलांनी निराळे उत्तर दिले. शिक्षेत वाटेकरी होण्यास ती आली. या उत्तरावर अद्याप कोणी कथा रचलेली दिसत नाही. तुरुंग खात्याचे अहवाल आणि औंध संस्थानचे दप्तर या दृष्टीने वाचून पाहण्याजोगे आहेत.