कबड्डीची ढाल आणि खेळाडूचा गुडघा

महाविद्यालयीन कबड्डी संघाचा हंगाम आखूड असतो. सत्राच्या आरंभी निवड, मग आंतरमहाविद्यालयीन सामने. त्यांतून मोजक्या मुलांना विद्यापीठाच्या संघात स्थान मिळते आणि बाकीच्यांचा हंगाम एका पराभवाने संपतो. ढाल जिंकली तर ती प्राचार्यांच्या दालनातील कपाटात जाते, संघाचे छायाचित्र माहितीपत्रकात छापले जाते. या जमाखर्चात एक बाब मात्र क्वचितच मांडली जाते. पकडीत दुखावलेल्या गुडघ्याचा खर्च कोणाच्या नावे पडतो? बहुधा तो खेळाडूच्या घरावर पडतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लाभ संस्थेचा आणि जोखीम व्यक्तीची, असा हा व्यवहार आहे.

जासई आणि आसपासच्या गावांत या व्यवहाराला वेगळी धार आहे. रायगड हा कबड्डीचा जिल्हा. भात कापून झाले की मोकळ्या शेतात मैदान आखावे आणि रात्री उशिरापर्यंत सामने रंगावेत, ही येथील रीत. तेव्हा खेळाडू जायबंदी झाला तरी घरची शेती त्याला सांभाळून घेई. जमीन हाच त्याचा विमा होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईसाठी आणि पुढे न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी गेल्या. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला आणि जानेवारी १९८४ मधील पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व शासनाने मान्य केले. परंतु भूखंड विकता येतो, त्याचे पैसे संपतात; पिढ्यान्‌पिढ्या आधार देणाऱ्या शेताची जागा तो घेऊ शकत नाही. आजच्या खेळाडूला पाठ टेकायला पदवी आणि धडधाकट शरीर, एवढेच उरले आहे.

कोणी म्हणेल, आता प्रो कबड्डी आहे. २०१४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेने खेळाला पैसा दिला, हे खरेच. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाखांहून अधिक बोली लागली. पण संघ अवघे बारा आणि प्रत्येकात दीड-दोन डझन खेळाडू. लॉटरीच्या पहिल्या बक्षिसावरून तिकीट घेणाऱ्यांचे सरासरी उत्पन्न काढता येत नाही.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथे महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना १८६९ साली झाला. पुढे या खेळावर विद्यापीठांनी अमाप पैसा मिळविला. खेळाडू मात्र शिष्यवृत्तीवर समाधान मानणारा ‘हौशी’च राहिला. २०२१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादा बेकायदा ठरविल्या आणि २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. आपल्या महाविद्यालयांना कबड्डीतून तसे उत्पन्न नाही; म्हणून मोबदल्याची मागणी येथे गैरलागू ठरेल. जोखमीची जबाबदारी मात्र उत्पन्नावर अवलंबून नसते. जो दुसऱ्याच्या नावासाठी मैदानात उतरतो, त्याच्या दुखापतीचे दायित्व त्या दुसऱ्याकडे जाते, हा साधा न्याय आहे.

त्यासाठी फार मोठी योजना नको. जिमखान्यासाठी सर्व विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जाते. त्यातील अल्प अंशातून संघातील प्रत्येक खेळाडूचा शस्त्रक्रियेसह अपघात विमा उतरविता येईल. हंगामात बुडालेल्या तासांची आणि दुखापतीमुळे हुकलेल्या परीक्षेची भरपाई, ही मेहेरबानी न राहता नियम व्हावा. बंदराभोवतीच्या कंपन्यांनीही यात वाटा उचलावा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक मर्यादेपलीकडील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात आणि त्या कार्यांच्या यादीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. ज्या जमिनीवर कंटेनर उभे आहेत, त्या जमिनीच्या नातवंडांसाठी एक चांगले मैदान आणि दुखापतीनंतरच्या उपचारांची सोय, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

पुढील हंगामाची निवड चाचणी घेण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या संघाचा विमा उतरविला आहे, याचा दाखला विद्यापीठाने मागावा. तो नसेल, तर त्या संघाची प्रवेशिका स्वीकारू नये.