दर दिल्लीचा, पाणी राज्याचे, पाणंद गावची



वार्षिक सभेत तीन प्रश्न हटकून निघतात. उसाचा दर कोण ठरवतो? पाण्याची पाळी का लांबली? ऊस बाहेर काढायला पाणंद रस्ता कधी होणार? तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण तिन्हींचे उत्तर एका कचेरीत मिळत नाही. कोणते काम कोणाचे, हे ठाऊक नसले की हेलपाटे आपल्याच पायांना पडतात. म्हणून ही वाटणी आज समजून घेऊ.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत : एक केंद्राची, एक राज्याची आणि तिसरी दोघांची मिळून, म्हणजे समवर्ती. शेती, पाणी आणि सहकारी संस्था राज्याकडे आहेत. साखर उद्योग मात्र संसदेने १९५१ च्या कायद्याने केंद्राच्या नियंत्रणाखाली घेतला. थोडक्यात, ऊस रानात उभा आहे तोवर विषय राज्याचा. गव्हाणीत पडला की केंद्राचा हात लागला.

दराचे तसेच आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र किमान दर ठरवू लागले. २००९ पासून त्यालाच आपण एफआरपी म्हणतो. मग राज्याला काहीच अधिकार नाही का? आहे. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले, की केंद्राच्या किमान दराहून जास्त दर राज्य ठरवू शकते, कमी ठरवू शकत नाही. उत्तर प्रदेश असा स्वतःचा दर जाहीर करत आले आहे. केंद्राचा दर म्हणजे घराची जोती; वर मजला चढवा, पण जोती उकरता येत नाही.

हीच गोष्ट आपल्याकडे हप्त्यांवरून पुढे आली. आदेशात पैसे चौदा दिवसांत द्यावेत आणि उशीर झाल्यास साल दरशेकडा पंधरा व्याज द्यावे, असे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आम्ही कारखान्याची माणसे. साखर विकण्याआधी सगळी रक्कम उभी करणे किती जड जाते, ते आम्हांस ठाऊक आहे. पण ती अडचण दिल्लीत मांडायला हवी. राज्याच्या कागदाने केंद्राचा आदेश मोडत नाही.

उलट बाजूही पाहा. सहकारी संस्थांविषयी ९७ वी घटनादुरुस्ती संसदेने केली, पण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नाही. म्हणून २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरती रद्द ठरवली. म्हणजे बांध दोन्ही बाजूंनी राखला जातो.

पाण्यातही दोन वाटेकरी आहेत. कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटायचे, तेव्हा केंद्राने बच्छावत लवाद नेमला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले. त्या वाट्यातून आपल्या चारीला पाळी कधी सोडायची, हे राज्याच्या पाटबंधारे खात्याचे काम.

राहिली पाणंद. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. पुढे १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत जागा दिली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांची यादीही जोडली. पण ‘सोपवता येतील’ हे शब्द ध्यानात ठेवा : किती सोपवायचे ते राज्य ठरवते. २०२२ साली राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, तरी निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत आणि प्रशासक बसले. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. मधल्या काळात आपल्या गटाचा निवडून दिलेला सदस्यच नव्हता. रस्त्याचे गाऱ्हाणे सांगायचे कोणाला?

तेव्हा सभासदांना आमचे सांगणे एवढेच. दराच्या धोरणासाठी खासदाराला धरा, पाळीसाठी पाटबंधारे खात्याला व आमदाराला, आणि पाणंदीचा ठराव ग्रामसभेत हात वर करून मंजूर करून घ्या. आणि चौदा दिवसांत पैसे आले नाहीत, तर आम्हांलाच विचारा. तो तुमचा हक्क आहे.