रात्रींचा पाहुणा

दूरचित्रवाणीवर रात्रीं उशिरां दाखविल्या जाणाऱ्या भीतिकथांचा एक प्रकार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. चोहोंकडे गुडघाभर बर्फ, मध्यें एकच लांकडी घर, आंत चारसहा माणसें, आणि बाहेर अंधारांत कोणी तरी उभें. सकाळीं त्यांतला एकजण अंथरुणांत थंडगार सांपडतो. मानेवर दांतांच्या दोन बारीक खुणा. आमच्या शेणवा गांवीं बर्फ म्हणजे सरबताच्या गाडीवर दिसणारा पदार्थ. शहापूर तालुक्यांतल्या या गांवीं बसून अशी कथा पाहतांना मला दोन प्रश्न पडतात. हा रक्त पिणारा मृतात्मा बर्फांतच कां राहतो? आणि तो आपल्याकडे कां येत नाहीं? पहिल्याचें उत्तर मनोरंजक आहे. दुसऱ्याचें तितकेंसें नाहीं.

या भुताचा जन्म कादंबरींत झालेला नाहीं. तो सरकारी दप्तरांत झाला. १७२५ सालीं सर्बियाचा कांहीं भाग ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं होता. तेथें किसिल्येवो नांवाच्या खेड्यांत एक शेतकरी वारला व त्याच्या पाठोपाठ आठवड्याभरांत नऊ माणसें दगावलीं. लोकांनीं त्याची कबर उघडली. पुढें १७३२ च्या जानेवारींत मेद्वेजा या गांवीं असाच बोभाटा झाला, तेव्हां योहान फ्लुकिंगर या लष्करी शस्त्रवैद्यानें कबरी उघडवून रीतसर अहवाल लिहिला. प्रेतें ताजीं आहेत, तोंडाशीं रक्त आहे, अंगावर नवी कातडी व नखें आलीं आहेत, असें त्यांत नमूद आहे. हा अहवाल युरोपभर वर्तमानपत्रांतून छापला गेला आणि ‘व्हँपायर’ हा शब्द घरोघर पोहोंचला.

वैद्यानें जें पाहिलें तें खोटें नव्हतें. त्याचा अर्थ मात्र चुकला. महिना जानेवारीचा, जमीन गारठलेली. थंडींत प्रेत लवकर कुजत नाहीं. पोटांत वायु सांचून देह फुगतो, तेव्हां तो धष्टपुष्ट दिसतो. त्याच दाबानें तांबूस द्रव तोंडावाटे बाहेर येतो. वरची त्वचा सुटून खालची दिसते, ती नवी वाटते. मागोमाग मेलेलीं माणसें बहुधा एखाद्या सांथीचीं बळी असावींत. १७५५ सालीं सम्राज्ञी मारिया थेरेसा हिनें आपला राजवैद्य व्हान स्वीटेन याच्या सल्ल्यानें प्रेतें उकरण्यास बंदी केली. परंतु कथा थांबली नाहीं. १८९७ सालीं ब्रॅम स्टोकरनें आपल्या ‘ड्रॅक्युला’चा शेवट कार्पेथियन पर्वतांत, नोव्हेंबरच्या हिमांत केला. त्या हिमांतून तें भूत चित्रपटांत आणि तेथून दूरचित्रवाणींत आलें, तें अद्याप तेथेंच आहे.

आपण बहुतेक प्रेतें जाळतों. उकरून पाहावयास कांहीं उरतच नाहीं, आणि उरलें तरी आमच्या उन्हाळ्यांत तें ताजें राहण्याचा प्रश्न नाहीं. म्हणून आपल्या भुतांना देह कमी, वाचा अधिक. वेताळच पाहा. अकराव्या शतकांत काश्मिरांत, म्हणजे बर्फाच्याच मुलखांत, सोमदेवानें ‘कथासरित्सागरां’त त्याच्या पंचवीस कथा गुंफल्या, पण त्याचा वेताळ रक्त मागत नाहीं, उत्तर मागतो. कोंकणांत तर तो गांवाचा राखणदार देव आहे. रिचर्ड बर्टननें १८७० सालीं या कथा इंग्रजींत नेल्या, तेव्हां शीर्षकांत वेताळाला बेधडक ‘व्हँपायर’ करून टाकलें. हा आमच्या वेताळावर अन्यायच झाला. १९८५ सालीं दूरदर्शनवर आलेला वेताळ पाहून मुलें घाबरण्याऐवजीं हंसत, हें अनेकांना आठवत असेल. वटवाघुळांवरचा आळहि असाच खोटा आहे. रक्तावर जगणाऱ्या वटवाघुळांच्या जगांत तीनच जाती आहेत व त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळतात. आमच्या गुहांतलीं वटवाघुळें फळें, किडे, फार तर बेडूक वा उंदीर खातात.

मग आपल्याकडे रात्रीं येणारा कोणीच नाहीं काय? आहे. त्याला दोन दांत आहेत, तो झोंपलेल्या माणसाकडे येतो, आणि सकाळीं खूण दिसेलच असें नाहीं. त्याचें नांव मण्यार.

काळीभोर, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे, पुष्कळदां जोडीजोडीनें. दिवसां ती इतकी सुस्त असते कीं निरुपद्रवी वाटावी. रात्रीं मात्र उंदरांच्या आणि इतर सापांच्या मागावर ती कुडाच्या फटींतून घरांत शिरते. पावसाळ्यांत भाताची लावणी आटोपून माणसें जमिनीवर गाढ झोंपलेलीं असतात. कूस बदलतांना कोणाचा हात तिच्यावर पडतो. दांत इतके बारीक कीं दंश मुंगी चावल्यासारखा. सूज नाहीं, फारशी वेदना नाहीं. माणूस पुनः झोंपतो.

पहांटे पोट दुखूं लागतें, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रींचें अन्न बाधलें. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, घोंट गिळवत नाहीं, शब्द अडखळतो. हें पाहून जुनीं माणसें म्हणतात, ‘बाहेरचें’ लागलें. आणि भगताला बोलावणें जातें. मला भगताचा राग येत नाहीं, कारण अंगावर जखम नसतांना माणूस असा विझत चालला तर दुसरें काय सुचावें? राग येतो तो त्यांत गेलेल्या दोन तासांचा.

मण्यारीचें विष मज्जातंतूंचा स्नायूंना जाणारा निरोप तोडतें. शेवटीं श्वासाचे स्नायु थांबतात. कित्येकदां रोगी पूर्ण शुद्धीवर असतो, भोवतालचें रडणें त्याला ऐकूं येत असतें, पण पापणी उचलतां येत नाहीं, बोट हलवितां येत नाहीं. बाहुल्याहि विस्फारलेल्या असतात, त्यामुळें तो गेला असेंच वाटतें. जिवंतपणीं मेलेला माणूस पाहण्यास कार्पेथियन पर्वतांत जावयास नको. असा रोगी कृत्रिम श्वसनावर कांहीं दिवस ठेवला तर उठून घरीं चालत जाऊं शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं ग्रामीण रुग्णालयांतील आपल्या अनुभवावरून मण्यार व नागाच्या दंशांवर लिहिलें आहे, तें या दृष्टीनें मोलाचें आहे.

सर्पविषावरील लस घोड्याच्या रक्तापासून होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेनें हें काम दीर्घकाळ केलें. एकच लस नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर चालते, म्हणून साप मारून दाखवावयास नेण्याची गरज नाहीं. पण स्नायु एकदां लुळे पडल्यावर लस त्यांना फिरून उठवीत नाहीं. ती लवकरच मिळावी लागते. दंश कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये. रोग्याला चालवूं नये. १०८ ला दूरध्वनि करावा. वाटेंत श्वास मंदावला तर रबरी पिशवी हातानें दाबून तो चालू ठेवतां येतो, आणि तेवढ्यावर माणसें वांचलेलीं आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें मेलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतलीं बहुतेक खेड्यांतलीं.

पोटदुखी आणि जड पापण्या ही जोडी पावसाळ्याच्या पहांटे दिसली, कीं अंगावर खूण शोधीत बसूं नये, निघावें. आणि ज्यांच्या घरीं खाट आहे त्यांनीं ती वापरावी. नसेल त्यांनीं मच्छरदाणीच्या कडा चटईखालीं चोहोंबाजूंनीं नीट खोंचून घ्याव्या. डांसांसाठीं घेतलेली ती जाळी मण्यारीलाहि बाहेर ठेवते.