सलग २४४

१९ सप्टेंबर १९८७. मेलबर्नमधलं वेव्हर्ली पार्क. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची अंतिम फेरी कोण गाठणार, याचा निकाल काही सेकंदांवर आला होता. १९६४नंतर पहिल्यांदाच बाद फेरीत आलेला मेलबर्न संघ चार गुणांनी पुढे होता. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली, पण गोल लांब होता. तेवढ्यात मेलबर्नचा २१ वर्षांचा जिम स्टाइन्स किक मारणाऱ्याच्या समोरून आडवा धावत गेला. नियमाने ती वाट बंद असते. पंचांनी बकेनाराला १५ मीटर पुढे आणलं. भोंगा वाजला, तरी मिळालेली किक घेता येते. गोलचे सहा गुण मिळाले आणि मेलबर्न ८०-७८ असं हरलं.

स्टाइन्स मूळचा डब्लिनचा. गेलिक फुटबॉलमध्ये वाढलेला. तिथे चेंडू गोल, संघ १५ जणांचा. १९८४मध्ये डब्लिनच्या कुमार संघातून त्याने अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं. उंच, पळणारी आयरिश पोरं आपल्या खेळात तयार करता येतील, असं मेलबर्नचे प्रशिक्षक रॉन बरासी यांना वाटत होतं. त्याच प्रयोगात १८ वर्षांचा जिम ऑस्ट्रेलियात आला. इथे चेंडू लंबगोल, टप्पा कुठे वळेल याचा नेम नाही, आणि एका बाजूला १८ खेळाडू. कौशल्य मेहनतीने जमलं. नियम मात्र अंगवळणी पडायचे होते.

तो रकमन झाला. त्या काळी पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवत. दोन्ही संघांचे रकमन झेपावत आणि तो आपल्या माणसांकडे ढकलत. हे काम सहसा धिप्पाड, संथ गड्यांचं. १९९ सेंटिमीटर उंचीचा जिम उडी मारून थांबत नसे. चेंडूमागे मैदानभर धावे.

१९९१मध्ये त्याने ब्राउनलो पदक जिंकलं. उत्तम आणि सचोटीने खेळणाऱ्याला मिळणारं हे पदक पंचांच्या मतांवर ठरतं. प्रत्येक सामन्यानंतर पंच तिघांना ३, २ आणि १ मत देतात. चार वर्षांपूर्वी पंचांच्याच शिट्टीने ज्याला खलनायक ठरवलं होतं, त्याला त्यांच्याच मतांनी मान दिला.

त्याचा खरा विक्रम मात्र हजेरीचा. १९८७ ते १९९८ या काळात तो सलग २४४ सामने खेळला. त्याआधीचा उच्चांक रिचमंडच्या जॅक टायटसचा, २०२. अखेर हाताचं हाड मोडलं आणि मालिका तुटली. वेव्हर्ली पार्कची हारही याच २४४मध्ये मोजलेली आहे.

मैदानाबाहेरही त्याची रीत तीच. १९९४मध्ये पॉल करीबरोबर त्याने तरुणांसाठी 'रीच' ही संस्था उभी केली. २००८मध्ये तो मेलबर्न क्लबचा अध्यक्ष झाला, तेव्हा क्लबवर सुमारे ५० लाख डॉलरचं कर्ज होतं. पुढच्याच वर्षी त्याला कर्करोग झाल्याचं निदान झालं. मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्याने काम सोडलं नाही. २०१०मध्ये क्लब कर्जमुक्त झाला. २० मार्च २०१२ला, वयाच्या ४५व्या वर्षी तो गेला. व्हिक्टोरिया राज्याने शासकीय इतमामात त्याला निरोप दिला.

एका घोडचुकीची भरपाई एका पराक्रमाने होते, असं आपल्याला वाटत असतं. स्टाइन्सने तसं काही केलं नाही. तो पुढच्या सामन्याला आला, मग त्याच्या पुढच्या.