गोळी-गोळीतला फरक

विशेष प्रतिनिधी, मुंबई

‘आरोपीकडून एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे हस्तगत’ ही ओळ वृत्तपत्राच्या वाचकाला नवी नाही. ‘घटनास्थळी तीन पुंगळ्या सापडल्या’ हीसुद्धा नाही. गोळी, काडतूस आणि पुंगळी हे शब्द आपण सर्रास एकमेकांऐवजी वापरतो. प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत. इतकेच नव्हे, तर गोळी-गोळीतही मोठे अंतर असते आणि कोणते चिलखत पोलिसाचा जीव वाचवील हे त्या अंतरावरच ठरते.

काडतूस म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात. बहुधा पितळी असलेली पुंगळी, तिच्यात भरलेली दारू, बुडाशी बसविलेली टोपी आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. चाप ओढताच टोपीवर आघात होऊन ठिणगी पडते, दारू क्षणार्धात जळते आणि वायूच्या दाबाने गोळी तेवढी नळीतून सुटते. पुंगळी मागे राहते. ९ मिलिमीटर, ७.६२ मिलिमीटर हे आकडे साधारणपणे नळीचा आतील व्यास दर्शवितात. ‘थ्री-नॉट-थ्री’ हा असाच, परंतु इंचांतील आकडा आहे.

वेगाचे गणित

पिस्तुलाच्या ९ मिलिमीटर गोळीचे वजन सुमारे ८ ग्रॅम असते. एके-४७ रायफलची गोळीही जवळजवळ तितक्याच वजनाची. मात्र पहिलीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर, तर दुसरीचा ७०० मीटरहून अधिक असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणूनच इन्सास रायफलची अवघ्या ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाच्या बळावर पिस्तुलाच्या गोळीहून कितीतरी अधिक मारक ठरते.

गोळ्यांचे प्रकार

पूर्वी गोळ्या निव्वळ शिशाच्या असत. रायफलींचा वेग वाढला तसे मऊ शिसे नळीत झिजून चिकटू लागले. त्यावर उपाय म्हणून शिशावर तांबे-मिश्रधातूचे आवरण चढविण्यात आले. ही कवचित गोळी सहसा आपला आकार टिकविते आणि पुष्कळदा शरीराच्या आरपार जाते.

पोकळ टोकाची गोळी याच्या उलट वागते. शरीरात शिरताच तिचे टोक फुलाप्रमाणे उमलते आणि जखम रुंद होते. या जातीच्या गोळीचे एक जुने नाव भारतातून जगभर गेले. कोलकात्याजवळील डमडम येथील दारूगोळा कारखान्यात ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात गोळीच्या टोकावरील आवरण काढून ती प्रसरणशील केली. अशा ‘डमडम’ गोळ्यांचा युद्धातील वापर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने निषिद्ध ठरविला. गंमत अशी की, युद्धात वर्ज्य ठरलेली ही गोळी अमेरिकेतील पोलीस दले सर्रास वापरतात. ती सहसा शरीरातच थांबते. मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाला लागण्याचा धोका कमी होतो, हे त्यामागील कारण.

चिलखतभेदी गोळीच्या पोटात कठीण पोलाद किंवा टंगस्टन कार्बाइडचा गाभा असतो. ट्रेसर गोळीच्या बुडाशी जळणारे रसायन असल्याने तिचा मार्ग उजेडाच्या रेषेसारखा दिसतो. शॉटगनच्या काडतुसात एका गोळीऐवजी अनेक छर्रे असतात; ते पसरत जातात आणि त्यांचा जोर लवकर ओसरतो.

चिलखताची मर्यादा

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहशतवाद्यांच्या हाती एके-४७ जातीच्या रायफली होत्या. त्यांना सामोऱ्या गेलेल्या पोलिसांपैकी अनेकांकडे लाठ्या, पिस्तुले आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. त्यानंतर पोलिसांच्या ‘बुलेटप्रूफ’ जाकिटांच्या दर्जाची चर्चा दीर्घकाळ चालली. ती समजून घेण्यासाठी वरील फरक ध्यानात घ्यावा लागतो.

केवलरसारख्या चिवट तंतूंच्या थरांत पिस्तुलाची बोथट, संथ गोळी अडकते, चपटी होते आणि तिचा जोर पसरतो. रायफलची टोकदार, वेगवान गोळी हेच थर भेदून जाते. तिला रोखण्यासाठी जाकिटात सिरॅमिकची किंवा पोलादाची कडक पाटी घालावी लागते. पाटी आली की वजन वाढते आणि धावपळ अवघड होते. शिवाय पाटी छाती-पाठीपुरतीच असते. मान, खांदे आणि काख उघडीच राहतात. गोळीचा गाभा कठीण पोलादाचा असेल, तर साधी पाटीही अपुरी पडते. ३१ डिसेंबर २०१७ रोजी काश्मीरमधील लेथपोरा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावर झालेल्या हल्ल्यात अशा गोळ्या वापरल्याचे उघड झाल्यावर सुरक्षा दलांना आपल्या ढाली नव्याने तपासाव्या लागल्या.

भारतीय मानक ब्यूरोने २०१८ मध्ये जाकिटांसाठी मानक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात ‘गोळी-प्रतिरोधक’ या अर्थाचा शब्द आहे, ‘अभेद्य’ नव्हे. हा शब्दभेद किरकोळ नाही. जाकीट कोणत्या गोळीसमोर आणि किती वेगापर्यंत टिकते, याची नोंद असेल तरच त्याला अर्थ असतो. पोलिसांसाठी जाकिटे खरेदी झाल्याची बातमी पुढच्या वेळी वाचनात आली, तर नगांची संख्या आणि किंमत पाहून थांबू नये. ती कोणत्या गोळीसाठी आहेत, हा प्रश्न नागरिकांनी आवर्जून विचारावा.