घसरलेली गाडी आणि रेल्वेची यारी



आगगाडी रुळावर कशाच्या आधाराने राहते? चाकाला आतल्या बाजूने एक कड असते. नव्या चाकाची ही कड खोलीला सुमारे 3 सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांएवढीही नाही. शेकडो प्रवाशांचा जीव त्या कडेच्या भरवशावर धावत असतो. रूळ तुटला, दरड आली, खडी वाहून गेली किंवा चाकच झिजले की कड रुळावर चढते आणि गाडी खाली उतरते. मग बोलावणे जाते ब्रेकडाउन गाडीला, आणि गरज पडल्यास तिच्या यारीला, म्हणजेच क्रेनला.

यारीचे शास्त्र आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. बैलगाडीत मागे जास्त भार पडला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. यारीलाही हीच भीती. हिशेब केवळ वजनाचा नसतो, वजन गुणिले अंतर असा असतो. 20 टनांचा भार 5 मीटर लांब धरला तर गुणाकार 100 येतो. तोच भार 10 मीटर लांब धरला तर 200, म्हणजे जवळ धरलेल्या 40 टनांएवढा. म्हणून यारीची 140 टनांची ताकद ही तिचा हात जवळ असतानाची. हात जसा लांब जाईल तशी ती झपाट्याने घटते. रिकामा प्रवासी डबा सुमारे 40 टनांचा, तर एकेकाळी सर्वत्र धावणारे डब्ल्यूडीएम-2 जातीचे डिझेल इंजिन 112 टनांच्या आसपासचे. असे इंजिन दूर खड्ड्यात पडले, तर दोन टोकांना दोन याऱ्या लावूनच ते उचलणे शहाणपणाचे.

उलाळ होऊ नये म्हणून यारीच्या पाठीवर जड वजन असते आणि दोन्ही अंगांना बाहेर सरकणारे लोखंडी पाय असतात. पण यारी फार जड केली तर वाटेतले पूलच तिला पेलणार नाहीत. या पेचातून वाट काढली इंग्लंडमधील इप्सविच येथील रॅन्सम्स अँड रॅपियर कारखान्याच्या विल्फ्रेड स्टोक्स यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी यारीच्या पुढेमागे चाकांचे सुटे गाडे जोडले. प्रवासात वजन अनेक चाकांवर वाटले जाई आणि कामाच्या जागी ते गाडे सोडून ठेवत. याच स्टोक्स यांनी पुढे पहिल्या महायुद्धात उखळी तोफ तयार केली. आपल्या देशात बिहारमधील जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात 140 टनी याऱ्या तयार झाल्या आहेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. मनमाडहून परभणी, पूर्णेकडे येणारा निजामाच्या काळचा मार्ग मीटरगेज होता. परभणीपर्यंतचे रूळ 1990 च्या दशकात रुंद झाले. एक मीटरच्या रुळावर उभ्या राहणाऱ्या यारीचा पाया अरुंद, म्हणून तिच्या ताकदीलाही मर्यादा असे. रुंद रुळांमुळे तो पाया वाढला, पण काळी जमीन तीच राहिली. पावसाळ्यात ती चिखल होते, आणि लोखंडी पायाखाली लाकडी स्लीपरांची भक्कम चौकट रचली नाही तर एक पाय खचून यारीच कलंडेल. म्हणून उचलण्यापूर्वीचा तास हा वाया गेलेला तास नव्हे.

प्रत्येक वेळी यारीच लागते असेही नाही. एकदोन चाके उतरली असतील तर पाण्यातेलाच्या दाबावर चालणारे जॅक डबा उचलतात आणि आडव्या तुळईवरून सरकवून रुळावर ठेवतात. बोगद्यात यारीचा हात उघडत नाही, आणि विजेच्या तारांखाली प्रवाह बंद करून तारा बाजूला घेतल्याशिवाय तो फिरवता येत नाही. तेथे जॅकच उपयोगी.

29 ऑगस्ट 2017 रोजी मुसळधार पावसात वासिंद आणि आसनगावच्या दरम्यान दरड कोसळून नागपूर–मुंबई दुरांतो घसरली. इंजिन आणि नऊ डबे रुळाखाली गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. आपली तपोवन आणि देवगिरी याच मार्गाने मुंबईला जातात, म्हणजे तेथला अडथळा परभणीच्या फलाटावरही जाणवतो.

अशा वेळी आपण एकच प्रश्न विचारतो : गाडी कधी सुटणार? प्रश्न रास्त आहे. रेल्वेचा दंडकही कडक आहे. हुकूम मिळाल्यावर ब्रेकडाउन गाडीने दिवसा 30 आणि रात्री 45 मिनिटांत निघायचे असते. पण निघण्याची घाई वेगळी आणि उचलण्याची घाई वेगळी. साखळी बांधायला डब्याखाली शिरतो तो खलाशी. त्याच्यासाठी तीन नियम आहेत. लटकत्या भाराखाली कोणी उभे राहायचे नाही. यारी हलवण्याचा इशारा एकानेच द्यायचा, पण ‘थांबा’ मात्र कोणीही म्हणायचे. आणि भार आधी थोडासा उचलून, साखळ्या तपासून, मगच वर न्यायचा.

दुसरी गोष्ट पुराव्याची. यारी डबा उचलते तेव्हा अपघाताच्या खुणाही उचलल्या जातात. तुटका रूळ, चाकाचा ओरखडा, सुटलेला बोल्ट यांची मोजमापे आणि छायाचित्रे आधी झाली पाहिजेत. गंभीर अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. ज्याच्या घरात चूक झाली त्यानेच न्यायाला बसू नये, हा त्यामागचा विचार. खुणाच पुसल्या गेल्या तर दोष सापडेल तो सर्वांत खालच्या गँगमनच्या माथ्यावर, आणि खरे कारण रुळातच राहून दुसऱ्या गाडीची वाट पाहील.

म्हणून मंडळी, यापुढे गाडी अडकली तर ‘कधी सुटणार’ याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : कारणाची नोंद झाली का? आणि डब्याखाली गेलेली माणसे सुखरूप बाहेर आली का?